एक ते चाळीस सेकंद

"थांबाबाईंना काय, घरी जायची घाई नाही. अडकतो आपण," लिफ्टमध्ये कोणीतरी कुरकुरलं, आणि तिच्या लक्षात आलं की थांबाबाई म्हणजे आपण. ती मागच्या कोपऱ्यात होती. दुसऱ्या मजल्यावर हमालाने नव्या मॉनिटरची खोकी एकावर एक रचून आत लोटली होती आणि त्या चळतीमागे ती कपाटामागे पडलेल्या रुमालासारखी दिसेनाशी झाली होती. बोलत होती ती तिच्याच हाताखालची पोरगी. तोंड दिसायच्या आधी चपलेच्या टाचा ऐकू येत म्हणून सगळे तिला टाचा म्हणत. आणि हं-हं करत होता तो मफलर, एसीच्या धास्तीने बारा महिने गळा गुंडाळून बसणारा.

"वीस मिनिटांची टेस्ट," टाचा म्हणाली, "बाई तिच्यात थांबे पेरतात आणि सहा तास खातात. वर ते पेटीपुराण."

"तू काही विचारलंस वाटतं?"

"मी कशाला विचारतेय? त्यांच्या त्याच सुरू झाल्या. पेटी होती म्हणून असं झालं, पेटी नसती तर तसं झालं असतं. मी मान हलवली. सगळेच हलवतात."

"मग हलवत राहा. मानेला व्यायाम होतो."

"अरे पण कोणीतरी एकदा..."

"तू सांग बाई. मी नाही."

पाचवा मजला आला. टाचा टकटकत गेल्या, मफलर गेला. हमालाने खोकी ओढली तेव्हा मागे ती निघाली. "तुम्ही आत होतात होय?" तो ओशाळून म्हणाला, "चेपला नाहीत ना?" ती म्हणाली, "नाही. सवय आहे," आणि पर्स छातीशी धरून आपल्या जागेवर येऊन बसली. थांबाबाई हे नाव तिला लागलं नाही. नाव वाईट नव्हतं, कष्टाने मिळवलेलं होतं. दातात धागा अडकावा तसं अडकलं ते अर्धं वाक्य. कोणीतरी एकदा काय? जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जात राहिली. शेवटी तिने ते स्वतःच पुरं केलं, कारण दुसऱ्याची वाक्यं पुरी करायची तिच्या घरात हल्ली रीतच पडली होती. कोणीतरी एकदा मोजपट्टीला तोंडावर सांगायला हवं, की हे तुझ्यामुळे झालं. असंच म्हणायचं असणार पोरीला. आणि मफलर म्हणाला, मी नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त धमक कोणात नव्हती. हा विचार तिला इतका गोड लागला की तिने चहासुद्धा बिनसाखरेचा घेतला.

मोजपट्टी म्हणजे साहेब. सडसडीत, ताठ, दोन शब्दांत सारखं अंतर ठेवून बोलणारा, तिच्याहून सात वर्षांनी लहान. सोमवारी सकाळी नऊ वाजता तो मोठ्या सभागृहात व्यासपीठावर उभा राहणार होता आणि शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या तारखा, तपासण्यांच्या, ऑपरेशनच्या, एका जागी मिळतील अशी नवी व्यवस्था लोकांसाठी खुली होणार होती. रांगा नकोत, चिठ्ठ्या नकोत, घरी बसून बटण दाबा. दोन वर्षं तो त्यामागे होता. आणि ती व्यवस्था माणसांची गर्दी सोसेल की नाही, हे सांगायचं काम थांबाबाईंचं. त्यांनी आज पाचपर्यंत रिपोर्ट पाठवला की तो सही करणार. गेली तीन वर्षं ती ज्या दिवसाची वाट बघत होती तो असा स्वतःच्या पायांनी चालत तिच्या टेबलाशी आला होता, आणि येताना बूट काढून आला होता.

तिचं काम तसं सांगायला सोपं. दुकान उघडण्याआधी खोटी गिऱ्हाइकं आत सोडायची आणि फळ्या कुठे करकरतात ते ऐकायचं. खोटी गिऱ्हाइकं म्हणजे थ्रेड, एकाच वेळी चालणारे चार हजार धागे, एक धागा म्हणजे एक माणूस. धागा आत येतो, नाव घालतो, तारीख मागतो, बटण दाबतो. पोरं हे धागे मोकळे सोडायची. मग ते श्वास न घेता बटणं दाबत सुटायचे, व्यवस्था कोसळायची आणि पोरं म्हणायची, कोसळली. पण असा माणूस असतो कुठे? माणूस दोन बटणांच्या मध्ये थांबतो. चष्मा शोधतो, हाक आली की ओ देतो, आपल्याला खरंच दुखतंय का ते एकदा दाबून बघतो. म्हणून थांबा द्यायचा. तो सगळ्यांना सारखा, तीन-तीन सेकंद, दिला तर चार हजार माणसं कवायतीला उभी केल्यासारखी एका पावलाने चालतात, आणि कवायतीत कोणी कोणाला धडकत नाही. थांबा अनियमित हवा. एकाला दीड सेकंद, दुसऱ्याला साडेआठ, यंत्राने फासा टाकून द्यावा तसा. तेव्हाच केव्हातरी, चौथ्या नाहीतर पाचव्या तासाला, दोन अनोळखी माणसं एकाच तारखेवर एकाच क्षणी बोट ठेवतात आणि फळी मोडते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती इथे आली टायपिंगला. दुसऱ्यांची पुस्तकं दुपारच्या सुट्टीत वाचून, चुकून, बोलणी खाऊन शिकली. थांबे किती लांबीचे असावेत ते ठरवायला ती बँकेच्या यंत्रापाशी घड्याळ घेऊन उभी राहिली होती, रखवालदाराने हटकेपर्यंत. आणि घरी आईला रिमोट देऊन बसवलं होतं. आई बटण दाबायच्या आधी बोट हवेत धरायची, जशी काही त्याला परवानगी हवी. तेव्हा आईचे थांबे दोन ते सहा सेकंदांत बसत. सगळ्यांचे मिळून तिने एक ते नऊ ठरवले. एक ते नऊ सेकंद. अकरा वर्षं हाच आकडा चालत आला होता.

गुरुवारी चौथ्या तासाला फळी मोडली होती. एकच ऑपरेशनची तारीख दोघांना, दोघांनाही हिरवी खूण, दोघांनाही "आपली नोंद झाली आहे." रात्रीपर्यंत अशा सतरा जोड्या. दुरुस्तीला चार दिवस तरी लागले असते, सोमवार हुकला असता, आणि मोजपट्टी वाचला असता. पोरं जेवायला गेली होती. तिने सतरा ओळी पुन्हा वाचल्या, अठराव्याची वाट बघितली, आणि मग तिच्या आत काहीतरी अगदी शांतपणे मांडी घालून बसलं. शुक्रवारी तिने टेस्ट पुन्हा लावली. नऊच्या जागी चाळीस लिहिलं. एवढंच. माणसं तीच चार हजार, पण प्रत्येक जण आता सरासरी पाचाऐवजी वीस सेकंद थांबणार. म्हणजे ओझं चौथाई. मोठ्या पातेल्यात मूठभर मीठ ढवळलं की जसं कुठे लागत नाही, तसे ते चार हजार लोक विरघळून गेले. चुका शून्य. रिपोर्टच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चार हजार वापरकर्ते, शून्य चुका. थांब्यांचा आकडा अकराव्या पानावर, बारीक ठशात, तिसऱ्या रकान्यात. तो खोटाही नव्हता. एक ते चाळीस, स्वच्छ लिहिलेलं होतं. कोणी विचारलं तर ती म्हणणार होती, वाचलं नाहीत होय?

ती सोमवार डोळ्यांपुढे आणायची, तो इतका खराखुरा येई की तोंडाला पाणी सुटे. नऊला टाळ्या. नऊ दहाला पहिल्या ओळीतल्या कोणाच्या तरी कपाळावर आठी. साडेनऊला एक इस्पितळ फोन करतं, मग दुसरं. मोजपट्टीचे कान आधी लाल होतील, गाल नंतर. हे तिला माहीत होतं, तिने त्याचे कान बरीच वर्षं पाहिले होते. तो शब्दांमधलं अंतर सांभाळायला बघेल आणि शब्द एकमेकांवर आदळतील. मग तो खिशातला फोन काढून तिला लावेल. आणि ती उचलणार नाही. ही शेवटची घडी तिने सगळ्यात जास्त वेळा घोटली होती. वाजू दे. वाजून वाजून बंद पडू दे. म्हणजे कळेल त्याला, कोणी उचलत नाही तेव्हा पलीकडच्या टोकाला काय होतं ते.

तो अकराला आला. हातात कागदी पेला, पेल्यात कधीच काही नसावं असं तो धरायचा.

"मॅडम, रिपोर्ट?"

"पाचपर्यंत घरून पाठवते. शेवटचं पान राहिलंय."

"काही सापडलं?"

"शून्य चुका."

"तुमचे थांबे घातलेत ना?"

"घातलेत."

"मग झालं. तुमचे थांबे असले की मी पुढचं वाचत नाही." तो जायला वळला आणि वळता वळता, दर शनिवारी विचारायचा तसं, विचारलं, "आई कशा आहेत?"

"पेटी ठेवण्याआधी बऱ्या होत्या," ती म्हणाली.

पलीकडे टाचाची बोटं कळफलकावर थांबली. मोजपट्टीने पेल्यात बघितलं. एक, दोन, तीन, चार. तिने मोजले. हल्ली कोणी गप्प झालं की तिच्या आत घड्याळ सुरू व्हायचं. "मी रिपोर्टची वाट बघतो," तो म्हणाला, आणि गेला. बघ कसा गेला, तिने मनात म्हटलं. खरं असतं तर बोलला नसता?

पेटी लाकडी होती, वीस खणांची, टेस्टिंगच्या खोलीबाहेर भिंतीला ठोकलेली. कोणीतरी पडद्याचा फोटो काढून बाहेर पाठवला आणि मोजपट्टीने नियम केला, की टेस्ट चालू असेपर्यंत फोन पेटीत. तिचा खण सातवा. ज्या दिवशी पेटी लागली त्या दिवशी त्याने सगळ्यांना खोलीत उभं करून नियम वाचला होता आणि शेवटी तिच्याकडे बघून म्हणाला होता, "मॅडम, तुमचं वेगळं." त्या वाक्यातला उपकाराचा वास तिच्या पक्का लक्षात होता. उपकार कुठला, ते मात्र आठवायला गेलं की मधेच खोलीत कोणीतरी दिवा मालवल्यासारखं होई. आई पडली त्या दिवसाचंही तसंच. दुपारची वेळ. टेस्टचा सहावा तास. कोपऱ्यातली ओळ लाल झाली. महिनाभर ज्याच्या मागे ती होती ते भांडण, दोन धागे एकमेकांची शेपूट धरून अडकलेले, अखेर पडद्यावर आलं. असा योग पुन्हा केव्हा येईल सांगता येत नाही. फासा आहे, पुन्हा तसा पडेल न पडेल. ती पुढे वाकली, श्वाससुद्धा जपून घेत. हाताखाली काहीतरी थरथरलं. माऊस असावा. आणि भिंतीपलीकडे पेटीत फोन घरघरला, लाकूड घुमलं, हे तिने नंतर सगळ्यांना सांगितलं. धाकटीला, डॉक्टरांना, शेजारच्या मावशींना, वरिष्ठांना लिहिलेल्या तीन पानी तक्रारीत. पहिल्यांदा सांगताना घुमलं नव्हतं, फक्त पेटीत होता एवढंच होतं. घुमायला ते पुढे लागलं. यंत्रांच्या पंख्यांच्या त्या घोंघाटात भिंतीपलीकडची घरघर कशी ऐकू आली, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने त्याचंही काहीतरी केलं असतं.

दोन तास चाळीस मिनिटं आई चपलांच्या मांडणीपाशी पडून होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, फोन हातापासून वीतभर लांब. शेजारच्या मावशींनी दार लोटलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासात आणलं असतं तर. उजवी बाजू गेली, आणि शब्द गेले. शब्द म्हणजे सगळे नव्हेत; आत होते, पण बाहेर यायला वेळ लागायचा. कधी दोन सेकंद, कधी वीस, कधी येतच नसत. फासाच. इस्पितळाच्या व्हरांड्यात धाकटीने तिच्याकडून फोन मागून घेतला होता, मामांना कळवायला. धाकटी बराच वेळ फोनमधल्या कॉलच्या यादीकडे बघत उभी राहिली. मग तिने कोणाला न लावताच तो परत दिला आणि म्हणाली, "चार्जिंग कमी आहे गं." चार्जिंग ऐंशी टक्के होतं. हे तिला आठवत होतं, कारण आकडे तिला आठवतात. ऐंशी टक्के असताना धाकटी कमी का म्हणाली, हा हिशोब तिने करायला घेतला नाही. फोन पिशवीत टाकला, पिशवीची चेन लावली.

तक्रारीनंतर आठवड्यात पेटी भिंतीवरून उतरली. भिंतीत चार भोकं राहिली, ती अजून कोणी बुजवली नव्हती. मोजपट्टीला त्या वर्षी वरची जागा मिळायची होती, ती दुसऱ्याला गेली. त्याने तक्रारीला उत्तर दिलं नाही. एक ओळ नाही. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा म्हणे तो म्हणाला, नियम माझाच होता. ही कबुली नाही तर काय? आणि एवढ्यावर भागलं असतं तर ती माणूस होती, विसरली असती. पण इस्पितळात तो फळं घेऊन आला होता. पायथ्याशी उभा राहून आईला नमस्कार करून गेला. असा माणूस दोन तोंडांचा. त्याची जागा हुकली म्हणून तिचं समाधान व्हायला हवं होतं, ते झालं नाही. उलट भूक वाढली. ती कधी कधी स्वतःलाच दचकायची. भाजी निवडताना, आईच्या पाठीला तेल लावताना, एकदम हात घट्ट व्हायचा आणि आई "अं" करायची. मग ती म्हणायची, "तुला नाही गं, त्याला."

दुपारी चारला ती घरी आली तेव्हा धाकटी आईचे केस विंचरत होती. दोन गल्ल्यांपलीकडे राहणारी, शनिवारी सकाळी येऊन दुपारी ताईच्या हवाली करून जाणारी. आई खिडकीशी खुर्चीत. डावा हात मांडीवर, उजवा उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

"पं..." आई म्हणाली.

"पंखा? लावू?" धाकटी.

"पंचा असेल," ती पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "तोंड पुसायला."

आईने डोळे मिटून घेतले. पंखाही लागला आणि पंचाही आला. आईला काय हवं होतं ते आईपाशीच राहिलं. या घरात असंच चालायचं. आईच्या तोंडातून पहिलं अक्षर बाहेर आलं की दोघी बहिणी दोन्हीकडून धावायच्या, जशी काही ती पडणार आहे. चांगल्या मनानेच. दिवसभर लोकांच्या थांब्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईला घरी तीन सेकंद धीर नसे, आणि हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"ताई, सोमवारी नऊला मी यंत्राशी बसते," धाकटी म्हणाली. "आईच्या मेंदूच्या तपासणीची तारीख आता त्या नव्या व्यवस्थेवरच घ्यायचीय. तुमचंच ना ते?"

"सोमवारी नको बसूस."

"का?"

"मी सांगते म्हणून. गुरुवारी बघू."

धाकटीने कंगव्यातला गुंता काढला, बोटाला गुंडाळला. "काय केलंयस?"

"मी? मी काय करणार? नऊच्या जागी चाळीस लिहिलंय." आणि मग तिला राहवलं नाही. कालपासून कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने लॅपटॉप मांडीवर उघडून, अकरावं पान दाखवून, रंगवून सांगितलं. सतरा जोड्या, मूठभर मीठ, सभागृह, कान. सांगताना ती हसत होती. आई खुर्चीतून तिच्याकडे बघत होती.

"म्हणजे दोन माणसांना एकच तारीख मिळणार," धाकटी सावकाश म्हणाली.

"हो."

"ऑपरेशनची."

"एकाला दुसरी देतील की. बोंब होईल दोन दिवस. आणि ती बोंब कोणाच्या नावाने होईल, सांग?"

"उपाशीपोटी येईल ना गं तो माणूस. सकाळपासून पाणीसुद्धा न पिता. आणि त्याला सांगणार, परत जा." धाकटी गुंडाळलेले केस कागदात बांधत होती. "ताई, जाऊ दे आता. तीन वर्षं झाली."

"तुझं बरं आहे. तुझा फोन नव्हता पेटीत."

धाकटीने मोरीत जाऊन कंगवा धुतला. मग धुतलेला तोच पुन्हा धुवायला घेतला. मोरीतून तिचा आवाज आला, "चहा टाकते. घेऊन मग जाईन."

"सगळ्यांना माहितीय," ती मोरीच्या दिशेने म्हणाली, "आज लिफ्टमध्येसुद्धा बोलत होती पोरं. तोंडावर बोलायची कोणाची छाती नाही, एवढंच. मला बोलायचंही नाही. मला फक्त बघायचंय त्याच्याकडे. त्याने नियम काढला, त्याने पेटी ठोकली, आणि माझी आई..." तिने आईकडे हात केला. आईचा डावा हात मांडीवरून उचलला गेला होता आणि हवेत होता.

"फो..." आई म्हणाली.

"फोटो? दाखवू तुला? मामांचा आलाय," धाकटी मोरीतून घाईने म्हणाली.

आईने हात खाली ठेवला.

पाचला दहा कमी होते. लॅपटॉपच्या पडद्यावर पत्र तयार होतं. रिपोर्ट जोडलेला, वर साहेबांचं नाव, खाली तिचं. मधे एकच ओळ, सोबत अहवाल पाठवत आहे. पाठवायचं बटण निळं होतं. तिने बोट त्याच्यावर नेलं आणि, गंमतच, बोट हवेत थांबलं. तेवढ्यात शेजारी खुर्चीच्या हातावर फोन थरथरला. मोजपट्टी. एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. रिपोर्टचं विचारत असणार, किंवा अजून काही. तिसऱ्यांदा वाजायच्या आत तिचा डावा अंगठा न बघता गेला आणि लाल खुणेवर पडला, फोन कापला गेला. किती सफाईने गेला. नजर पडद्यावरच होती, उजवा हात निळ्या बटणापाशी तसाच. अंगठ्याला वाट ठाऊक होती, जशी अंधारात पायाला उंबऱ्याची असते. आणि त्याच क्षणी, काही कारण नसताना, तिच्या हाताखाली माऊस थरथरल्यासारखा झाला. इथे माऊस नव्हताच. लॅपटॉप होता.

"अ..." आई म्हणाली.

तिने वर बघितलं. आई तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. तिच्या अंगठ्याकडे बघत होती.

"अंगाला खाजतंय? अंधार वाटतोय, दिवा लावू?" धाकटी कप घेऊन दारात आली होती. "आई, अद्रक घातलंय बघ चहात, घे..."

"थांब," ती म्हणाली.

धाकटी दारात थांबली. कपातली वाफ तिच्या तोंडावर जात होती. ती काहीतरी म्हणणार होती, तोंड उघडलं होतं, आणि त्या उघड्या तोंडावरून तिला स्पष्ट दिसलं की धाकटीला पुढचं वाक्य माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे. प्रत्येक वेळी पंखा, फोटो, चहा घेऊन ती त्या वाक्याच्या आडवी पडत आली आहे. टाचाला माहीत आहे, मफलरला माहीत आहे. मोजपट्टी पेल्यात बघत चार सेकंद जे गिळतो तेही हेच. अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. कुठलाही एक शब्द पुढे केला असता, अंग, अंधार, अंथरूण, तर आईने दमून डोळे मिटले असते आणि निळं बटण दाबता आलं असतं. तिने लॅपटॉप मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवला. खुर्ची आईसमोर ओढली. घड्याळ आत सुरू झालं होतं. पाच. सहा. आईच्या मानेची शीर ताठ झाली, ओठांचा डावा कोपरा एकटाच काम करत होता. नऊ. इथवर तिच्या आकड्यात माणसं बसत. पुढे ती कधी थांबली नव्हती, कोणासाठीच. बारा. आईचा डावा हात उठला, त्याच्या अंगठ्याने हवेत एक हलकीशी खूण केली, डावीकडून खाली, नेमकी तिच्यासारखी. पंधरा. चहाचा कप बशीत वाजला. एकोणीस. फोन पुन्हा थरथरायला लागला आणि कोणीही त्याच्याकडे बघितलं नाही. सव्वीस. तिला पळावंसं वाटलं, आणि ती तिथेच, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिली. एकतीस.

"असाच," आई म्हणाली. शब्द पुरा होता, नीट, जुन्या आवाजातला. मग आईने श्वास घेतला. "असाच... माझा... कापलास."